रणांगणावरचा डॉक्टर आणि मागे राहिलेले घर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा डिसेंबरचा पहिला आठवडा सुरू होता. भोपाळमध्ये उभे आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरला या आठवड्यात दोन तारखा हमखास आठवतात. पहिली, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीची. दुसरी ९ डिसेंबर, म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची पुण्यतिथी. पहिल्या तारखेविषयी आपल्यापैकी अनेकांनी लिहिले आहे. दुसरीविषयी लिहावे असे मनात होते, परंतु लिहू लागल्यावर या दोन तारखा एकमेकींपासून वेगळ्या करता येईनात.

डॉ. कोटणीस यांचे नाव मराठी माणसाला नवे नाही. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि त्यात कोटणीसांची भूमिका स्वतःच केली. तो चित्रपट मी विद्यार्थिदशेत पाहिला आणि त्याने भारावून गेलो. डॉक्टर व्हावे तर असे, एवढेच त्या वयात कळले. चित्रपटाच्या पलीकडचे कळायला बरीच वर्षे जावी लागली.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूरला झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते पुढील शिक्षणाच्या तयारीत होते. १९३७ साली जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले आणि चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. त्या वेळी सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्या आवाहनानंतर सुमारे २२ हजार रुपयांचा निधी उभा राहिला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडले गेले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल पथकाचे प्रमुख होते. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे अन्य चौघे. आपल्या वाचकांनी चोळकरांचे नाव विशेष ध्यानात ठेवावे. नागपूर तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. त्यामुळे आपल्या जुन्या प्रांताचाही या कार्यात वाटा आहे आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. कॅंटनमार्गे, युद्धाच्या धुमाळीतून वाट काढत ते १९३९ च्या फेब्रुवारीत येनान येथे पोहोचले. प्रत्येकाने आपल्या नावापुढे चीनचा वाचक असा ‘हुआ’ हा शब्द जोडला होता. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. पथकातील तिघे पुढे वेगवेगळ्या वेळी मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू मागे राहिले आणि आठव्या मार्ग सेनेत रुजू झाले. मधल्या काळात सोलापूरला वडिलांचे निधन झाले. ते कळूनही कोटणीस परतले नाहीत.

पुढील काळ उत्तर चीनमधील डोंगराळ भागात गेला. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी जंतुसंसर्गाने दगावले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली एक जखम त्याला कारण झाली. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ साली कोटणीसांकडे आले. रुग्णालय म्हणजे खेड्यातील मातीची घरे. शत्रू जवळ आला की रुग्ण, अवजारे आणि औषधे घेऊन हलायचे. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे सांगितले जाते. याच्या जोडीला चिनी भाषेत अध्यापन आणि विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्रावरील लेखन चालू होते.

या ७२ तासांशी मी नेहमी अडखळतो. १९८४ साली मी हमीदिया रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर होतो. त्या रात्री डोळे उघडता न येणारी, श्वासासाठी तडफडणारी माणसे लोंढ्याने आली. कक्ष भरले, मग ओसऱ्या भरल्या, मग बाहेरचे आवार. वायू कोणता, उतारा कोणता, हे आम्हाला ठाऊक नव्हते. डोळे धुणे, थेंब घालणे, प्राणवायू देणे आणि श्वासनलिका सैल करणारी औषधे टोचणे, एवढेच हाती होते. मी तिसऱ्या दिवशी सायंकाळी घरी गेलो. पुढे या अनुभवावर मी अनेक व्यासपीठांवर बोललो, सत्कारही स्वीकारले. परंतु त्या तीन दिवसांत माझ्या घरी काय घडले, हे मी कधी सांगितले नाही, कारण मला ते माहीतच नव्हते. मी विचारलेच नव्हते.

कोटणीसांच्या घराकडे मी वळलो तो या वाटेने.

रुग्णालयात परिचर्या शिकविणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी कोटणीसांचा विवाह १९४१ साली झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती न्ये रुंगचन यांनी सुचविल्यावरून त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्या सुमारास कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. बाहेर जाऊन उपचार घ्यावेत, हा सल्ला त्यांनी मानला नाही. आपल्या व्यवसायातील वाचकांना एक योगायोग जाणवेल. अपस्मारावरील फिनिटॉइन हे औषध उपचारात आले ते १९३८ साली, म्हणजे कोटणीस मुंबईहून निघाले त्याच वर्षी. वेढलेल्या त्या डोंगरांत साधी औषधेही दुर्मिळ होती. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ३२. शल्यशास्त्रावरील दुसरे पुस्तक अपुरे राहिले. संसार जेमतेम एक वर्षाचा झाला आणि मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

चित्रपट इथे संपतो. छिंगलान यांचे आयुष्य मात्र यापुढे जवळजवळ ७० वर्षे चालले. तान्हे मूल, चालू असलेले युद्ध आणि पतीचे घर एका अनोळखी देशात! त्यांनी मुलाला वाढविले, पुढे पुनर्विवाह केला, तालियान शहरात स्थायिक झाल्या. यिनहुआ वडिलांच्या वाटेने वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला, आणि १९६७ साली, पंचविशीच्या उंबरठ्यावर, तोही गेला. ज्या बाईने पतीला डॉक्टर म्हणून गमावले, तिने मुलालाही डॉक्टर होता होता गमावले. तरीही सोलापूर-मुंबईच्या कोटणीस कुटुंबाशी त्यांनी नाते राखले. १९६२ च्या युद्धानेही ते तुटले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या. चीनचे नेते भारतभेटीवर आले की कोटणीसांच्या नातलगांना आवर्जून भेटत. २००६ साली हू जिंताव भेटले, २०१३ साली ली खछियांग भेटले. छिंगलान २०१२ च्या जूनमध्ये, ९६ व्या वर्षी निवर्तल्या.

शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मारकात बेथून आणि कोटणीस यांचे पुतळे आहेत, सोलापूरला त्यांच्या जन्मघराचे स्मारक झाले आहे. हे यथायोग्यच आहे. परंतु मुलाला दूरदेशी पाठवून पुन्हा कधीही न पाहिलेल्या सोलापूरच्या आईचा पुतळा कोठे असतो? स्वेच्छेने रणांगणावर जाणारा एकटाच जात नाही. त्याचे घरही जाते, आणि घराला कोणी ‘येता का’ म्हणून विचारलेले नसते.

हे सगळे वाचून झाल्यावर एका संध्याकाळी मी पत्नीला विचारले, ‘‘त्या तीन दिवसांत तू काय केलेस?’’ आम्ही तेव्हा टी. टी. नगरला राहत होतो. घरी माझी वृद्ध आई आणि आठ महिन्यांची मुलगी. ती हसली आणि म्हणाली, ‘‘आता विचारताय होय?’’ मग सांगू लागली. जुन्या शहरातून पळत आलेले एक कुटुंब पहाटे दाराशी बसले होते. त्यांना तिने आत घेतले, डोळे धुवायला पाणी दिले. दुसऱ्या रात्री मुलगी खोकू लागली, तेव्हा ही सकाळपर्यंत तिला छातीशी धरून बसली. माझा निरोप येण्याची सोय नव्हती. ‘‘तिन्ही रात्री दाराला कडी लावली नाही मी. तुम्ही आलात आणि मला झोप लागलेली असली, तर दाराशी उभे राहावे लागू नये म्हणून.’’

तिसऱ्या दिवशी मी घरी आलो तेव्हा तिने एकच प्रश्न केला होता, ‘‘जेवलात का?’’ मी जेवलो आणि झोपलो. तिने काही खाल्ले होते का, हे मी आजतागायत विचारलेले नव्हते.

आपल्या संमेलनात दरवर्षी ज्येष्ठ डॉक्टरांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते. माझी संयोजकांना एक नम्र सूचना आहे. सत्कारमूर्तीला दोन शब्द बोलण्याची विनंती करतो, तशीच ती त्यांच्या घरच्या माणसालाही करावी. पती असो, पत्नी असो, मुले असोत. त्यांनी काय पाहिले, हेही आपल्या व्यवसायाच्या इतिहासात नोंदले जावे. फार काही नाही, पाच मिनिटे पुरतील.

डॉ. कोटणीस यांच्या स्मृतीस अभिवादन. आणि त्यांच्या मागे ७० वर्षे घर सांभाळून राहिलेल्या छिंगलान यांनाही.