दुसऱ्या क्रमांकाचा गडी

अमेरिकेंतील विद्यापीठांचा फुटबॉल आणि आपल्याकडील फुटबॉल यांत नांवापलीकडे साम्य फार थोडें. तेथें चेंडू लंबगोल असतो, तो बहुतेक वेळ हातांतच असतो, आणि पायांचा संबंध चेंडूपेक्षां मैदानाशींच अधिक येतो. आपल्या घरांतील जीं मुलें शिक्षणासाठीं तिकडे गेलीं आहेत तीं सुटींत परत आलीं म्हणजे शनिवारच्या सामन्यांचीं वर्णनें मोठ्या उत्साहानें करतात. परंतु ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांस अमका गडी फार थोर एवढ्यापलीकडे कांहीं उमगत नाहीं. तो थोर कशानें ठरतो, हें समजावें म्हणून एकाच गड्याची हकीकत येथें जरा विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे. त्याचें नांव बॅरी सँडर्स. दोन वर्षें तो दुसऱ्याच्या मागें उभा राहिला आणि तिसऱ्या वर्षीं त्यानें जें केलें, त्याची बरोबरी पुढें पस्तीस वर्षांत कोणास साधली नाहीं.

आधीं खेळाची थोडी ओळख. मैदान १०० यार्डांचें. कापड मोजतांना आपण यार्डास वार म्हणतों, तोच शब्द येथें घेतों. प्रत्येक बाजूस ११ गडी. चढाई करणाऱ्या बाजूनें चार प्रयत्नांत दहा वार पुढें सरकावयाचें. सरकली तर आणखी चार प्रयत्न, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाकडे. चढाईचें सूत्र क्वार्टरबॅक नांवाच्या गड्याच्या हातीं असतें. तो एक तर चेंडू दूर फेकतो, नाहीं तर आपल्या मागें उभ्या असलेल्या गड्याच्या हवालीं करतो. हा मागचा गडी म्हणजे रनिंग बॅक. पुढच्या फळींतील धिप्पाड गडी प्रतिपक्षास रेटून क्षणभर एखादी फट उघडतात, तिच्यांतून यानें निसटावयाचें. दर खेपेस चार-पांच वार मिळाले तरी प्रशिक्षक समाधान मानतो. कबड्डींत चढाईस गेलेल्या गड्याची जी मनःस्थिति, तीच याची; फरक इतकाच कीं, कबड्डींतल्यास परत यावयाचें असतें, यास परतावयाचें नसतें.

सँडर्सचा जन्म १६ जुलै १९६८ रोजीं कॅन्सस संस्थानांतील विचिटा या शहरीं झाला. घरांत अकरा भावंडें, हा सातवा. वडील छपरें घालण्याचें व सुतारकाम करीत. वडिलांच्या मतें जुन्या पिढींतील जिम ब्राउन हाच सर्वश्रेष्ठ धांवपटू. मुलगा जगप्रसिद्ध झाल्यावरही त्यांनीं हें मत बदललें नाहीं. मुलगा उंचीनें बेताचा. पुढें पूर्ण वाढ झाल्यावरही तो ५ फूट ८ इंचच भरला. शाळेच्या संघांत त्यास धांवपटूची जागा मिळाली ती शेवटच्या वर्षीं, १९८५ सालीं, तीही हंगामाच्या चौथ्या सामन्यापासून. उरलेल्या सामन्यांत त्यानें १४१७ वार काढले. शेवटच्या सामन्यांत शहरांतील पहिल्या क्रमांकास थोडेच वार कमी पडत असतां, आतां धाकट्यांस खेळूं द्या, असें म्हणून तो बाहेरच राहिला. हा स्वभाव पुढेंही सुटला नाहीं. इतर गडी टचडाउन केल्यावर नाचतात, चेंडू आपटतात. हा पंचाच्या हातीं मुकाट्यानें चेंडू देऊन चालूं लागे.

उंचीकडे पाहून मोठ्या विद्यापीठांनीं त्याची फारशी विचारपूस केली नाहीं. ज्या थोड्या ठिकाणांहून शिष्यवृत्तीचें बोलावणें आलें, त्यांत स्टिलवॉटर येथील ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ होतें. १९८६ सालीं तो तेथें गेला. परंतु त्या संघांत थर्मन थॉमस हा दोन वर्षांनीं वडील असलेला धांवपटू आधींच नांवारूपास आला होता. १९८६ सालीं सँडर्सच्या वांट्यास ७४ वेळां चेंडू आला आणि त्यानें ३२५ वार काढले. पुढच्या वर्षीं थॉमसनें १६१३ वार काढले, सँडर्सनें ६०३. एका घरांत दोन कर्ते पुरुष असले म्हणजे किल्ल्या कोणाच्या कमरेस असाव्यात, हा प्रश्न आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. प्रशिक्षक पॅट जोन्स यानें त्या थोरल्याकडेच ठेवल्या. मात्र धाकट्यास त्यानें बसवून ठेवलें नाहीं. प्रतिपक्षानें लाथाडलेला चेंडू झेलून परत धांवत आणावयाचें काम त्यानें त्याच्याकडे दिलें. १९८७ सालीं या कामांत सँडर्सची सरासरी दर खेपेस ३१.६ वार पडली. त्या वर्षीं देशांत तिच्यावर कोणाची नव्हती.

आतां त्याच्या खेळाचें वर्म पाहूं. धांवपटूस लहानपणापासून शिकविलें जातें कीं, नेमून दिलेल्या फटीकडे सरळ जा, खांदा खालीं घाल, आणि मिळतील ते दोन वार पदरांत पाडून घे. सँडर्स तसें करीत नसे. चेंडू हातीं आला कीं तो बारीक पावलें टाकीत जवळजवळ जागच्या जागीं राही. नेमलेली फट बुजलेली दिसली तर बाजूस सरके, प्रसंगीं चक्क मागेंही येई. प्रतिपक्षाचे दोन-तीन गडी एका दिशेस झुकले कीं दुसऱ्या दिशेस असा वळे कीं, त्यांचे हात रिकाम्या हवेंत राहत. वेगवान गडी पुष्कळ असतात. पण भर वेगांत एका पावलांत थांबणें आणि पुढच्या पावलांत पुन्हां तोच वेग धरणें, हें फार थोड्यांस साधतें. ठेंगणेपणाचा येथें उपयोगच होई. अंगाचा भार जमिनीजवळ, मांड्या भक्कम. त्यामुळें वळतांना तोल जात नसे, आणि उंच गड्यांच्या गर्दींत तो कोठें आहे हेंच प्रतिपक्षास क्षणभर दिसत नसे. हुलकावणी ही आपल्या खोखोवाल्यांसही ठाऊक आहे. पण शंभर किलोंहून वजनदार माणसें अंगावर येत असतां ती देणें निराळें.

या रीतीचा तोटाही उघड आहे. दहा खेपांपैकीं कांहीं खेपांस तो मागेंच पडे. पहिल्या प्रयत्नांत तीन वार गमावले म्हणजे उरलेल्या तीन प्रयत्नांत तेरा काढावयाचे, आणि सगळ्या चढाईचा हिशेब बिघडतो. धंदेवाईक खेळांत गेल्यावरही तोट्याच्या खेपा त्याच्या नांवावर इतर थोर धांवपटूंपेक्षां पुष्कळ अधिक जमल्या. एखाद्या शिस्तप्रिय प्रशिक्षकानें ही खोड प्रथम मोडली असती, आणि तिच्याबरोबर सँडर्सही मोडला असता. मुलाच्या ज्या गोष्टीस आपण खोड म्हणतों तिच्यांतच त्याचा गुण गुंतलेला असला तर काय करावें, हा प्रश्न मैदानापुरता नाहीं. जोन्सचें खरें श्रेय आमच्या मतें येथें आहे. १९८८ सालीं थॉमस विद्यापीठ सोडून गेला तेव्हां त्यानें ११ सामन्यांत या मुलाच्या हातीं ३४४ वेळां चेंडू दिला. तोटा त्यानें हिशेबांत धरला आणि मुलास आपल्या मनानें धांवूं दिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अर्थात् एकटा धांवपटू कांहीं करीत नसतो. त्या वर्षीं क्वार्टरबॅक होता माइक गंडी, जो २००५ सालीं त्याच विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक झाला. दूरवर चेंडू झेलण्यास हार्ट ली डाइक्स हा उंचापुरा गडी होता. त्याच्या धाकानें प्रतिपक्षास कांहीं गडी मागें राखावे लागत, म्हणून पुढची गर्दी विरळ होई. फळींतील गड्यांनीं तर स्वतःस ‘वॉर पिग्ज’, म्हणजे लढाऊ डुकरें, असें नांव घेतलें होतें. नांव आपल्या कानास रुचणारें नाहीं, पण काम त्यांनीं चोख केलें.

हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत, ओहायो संस्थानांतील मायामी विद्यापीठाविरुद्ध, सँडर्सनें सुरुवातीचा चेंडू झेलला आणि १०० वार धांवून टचडाउन केलें. पुढें चार सामन्यांत त्यानें प्रत्येकीं तीनशेंहून अधिक वार काढले. हंगामाचा शेवटचा सामना डिसेंबरांत जपानांत टोकियो येथें होता. हाइस्मन पारितोषिक, म्हणजे विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोच्च मान, आपणांस मिळाल्याचें त्यास तेथेंच कळलें. आणि टेक्सस टेक विरुद्धच्या त्या सामन्यांत त्यानें ३३२ वार काढले. एकूण बेरीज २६२८ वार, धांवून केलेलीं टचडाउन ३७, दर खेपेची सरासरी ७.६ वार. एवढें करूनही त्या वर्षीं संघ नेब्रास्का आणि ओक्लाहोमा यांच्याकडून हरलाच.

पुढील वर्षीं त्यास कोणती भूमिका द्यावयाची हा प्रश्न उद्भवलाच नाहीं. गडी मिळवितांना नियम मोडल्याबद्दल १९८९ च्या आरंभीं विद्यापीठाच्या संघास चार वर्षांची शिक्षा झाली, आणि एक वर्ष शिल्लक असतां सँडर्स धंदेवाईक खेळांत गेला. डेट्रॉइट लायन्स या संघानें त्यास तिसऱ्या क्रमांकानें उचललें. तेथील चढाई निराळी होती. चेंडू झेलणारे चार गडी दूरवर पसरून उभे करीत, आणि सँडर्स क्वार्टरबॅकमागें एकटा. विद्यापीठांत त्याच्यापुढें फुलबॅक नांवाचा एक गडी वाट मोकळी करावयास असे, तो येथें बहुधा नसे. तरीही पहिल्याच वर्षीं त्यानें १४७० वार काढले. सबंध लीगमध्यें त्याच्यापुढें फक्त क्रिश्चन ओकोये, तोही १० वारांनीं. आणि शेवटच्या सामन्यांत ते दहा वार काढण्यासाठीं पुन्हां मैदानांत उतरावयास सँडर्सनें नकार दिला. शाळेंतल्या त्या सामन्याची आठवण येथें होतेच.

गुण आणि जागा यांचा संबंध किती जवळचा, हें १९९७ सालीं दिसलें. पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याचे वार निघाले अवघे ५३. लोक म्हणूं लागले, गडी संपला. नवे प्रशिक्षक बॉबी रॉस यांनीं मांडणी बदलून त्याच्यापुढें फुलबॅक उभा केला. त्यानंतरच्या चौदाही सामन्यांत सँडर्सनें शंभराहून अधिक वार काढले आणि वर्षाची बेरीज २०५३ वर नेली. माणूस तोच, पायही तेच. पण संघ म्हणून डेट्रॉइटला त्याच्या दहा वर्षांत बादफेरीचा एकच सामना जिंकतां आला. जुलै १९९९ मध्यें, वॉल्टर पेटनच्या विक्रमास १४५७ वार कमी असतां, विचिटाच्या वर्तमानपत्राकडे एक पत्र धाडून त्यानें खेळ सोडला. तेव्हां त्याचें वय ३१ होतें आणि अंगांत बळ शिल्लक होतें. पुष्कळांस तें रुचलें नाहीं; आम्हांस मात्र त्यांत आश्चर्य वाटत नाहीं.

थर्मन थॉमसमागें घालविलेलीं दोन वर्षें वायां गेलीं काय? त्यांनीं त्यास धांवणें शिकविलें असें म्हणतां येत नाहीं. तें तो घेऊनच आला होता. पण विशी गांठण्यापूर्वीं त्याच्या गुडघ्यांवर कमी आघात झाले, हा लाभ लहान नव्हे. आज असा गडी थांबेलसें वाटत नाहीं. २०२१ पासून विद्यार्थ्यांस आपल्या नांवावर पैसे मिळवितां येऊं लागले, आणि एक वर्ष बसून न राहतां दुसऱ्या विद्यापीठांत जाऊन लगेच खेळण्याचीही मोकळीक मिळाली. हें अन्यायाचें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या खेळांत प्रशिक्षक हवें तेव्हां विद्यापीठ बदलतात, त्यांत मुलांनींच बांधून कां राहावें? परंतु आज दुसरा क्रमांक मिळालेल्या मुलाच्या दारांत पहिल्या हंगामानंतरच चार विद्यापीठांचे लोक येऊन बसतील, आणि दोन धांवपटू एका घरांत राहणें कठीण होईल.

२०२४ सालीं बॉइझी स्टेट विद्यापीठाच्या अ‍ॅश्टन जेंटीनें सँडर्सचा आंकडा जवळजवळ गांठला. १४ सामने, ३७४ खेपा, २६०१ वार. ३१ डिसेंबरास पेन स्टेटनें त्यास रोखलें आणि २७ वार कमी पडले. त्याचा शेवटचा तो सामना बोल, म्हणजे हंगामोत्तर सामन्यांपैकीं होता, आणि २००२ पासून अशा सामन्यांतील वारही बेरजेंत धरतात. सँडर्सच्या काळीं ते धरीत नसत. डिसेंबर १९८८ मध्यें वायोमिंग विद्यापीठाविरुद्धच्या हॉलिडे बोलमध्यें त्यानें २२२ वार काढले आणि पांच टचडाउन केलीं; तीं कोणत्याही बेरजेंत नाहींत.