विश्लेषण : लाँच, कॅटामरान, स्पीडबोट की रो-रो? बोटीचा वेग आणि तोल नेमका कशावर ठरतो?

मुंबई बंदरात १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली. शंभराहून अधिक प्रवासी असलेल्या या बोटीच्या दुर्घटनेत १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर जलप्रवासाच्या सुरक्षेची चर्चा सुरू झाली. मात्र एकाच समुद्रात धावणाऱ्या या बोटींची रचना एकमेकींपेक्षा खूप वेगळी असते.

लाँच संथ का?

एलिफंटाचे सुमारे १० किलोमीटरचे अंतर कापायला लाँचला साधारण तासभर लागतो. लाँच पाणी बाजूला सारत पुढे जाते. वेग वाढला की तिच्याच पुढच्या बाजूने उठणारी लाट लांब होत जाते आणि ती चढण्यातच इंजिनाची ताकद खर्च होते. त्यामुळे वेगाला लांबीची मर्यादा पडते. पाण्यालगतची लांबी ३६ फूट असेल तर ही मर्यादा सुमारे ८ नॉट, म्हणजे ताशी १५ किलोमीटर असते. लांबी ६४ फूट केली तर ती ताशी २० किलोमीटरपर्यंत जाते. नुसते मोठे इंजिन बसवल्याने डिझेलच जास्त जळते.

स्पीडबोट वेगळी कशी?

तिचा मागचा तळ सपाटसर असतो आणि वजन कमी असते. वेग घेताच पाण्याचा दाब तिला वर उचलतो आणि ती पाण्यावरून घसरत जाते. बहुतेक लहान स्पीडबोटींना मागे आउटबोर्ड इंजिन असते. ते वळवले की बोट वळते. पण बोटीला ब्रेक नसतो. पंखा उलटा फिरवूनच ती थांबवावी लागते आणि तोवर ती बरेच अंतर पुढे जाते.

कॅटामरानचा फायदा काय?

कॅटामरान हा मूळ तमिळ शब्द. त्याचा अर्थ बांधलेले ओंडके. आजच्या कॅटामरानला दोन अरुंद तळ असतात. त्यामुळे लाटांचा अडथळा कमी होतो आणि रुंदीमुळे बोट कमी कलंडते. कमी ताकदीत चालत असल्याने बॅटरीसाठीही ही रचना सोयीची आहे. केरळमध्ये २०१७ मध्ये सुरू झालेली ‘आदित्य’ ही देशातील पहिली सौर फेरीबोट आणि २०२३ पासूनच्या कोची वॉटर मेट्रोच्या बोटी याच प्रकारच्या आहेत.

रो-रो पावसाळ्यातही कशी चालते?

गेटवे-मांडवा मार्गावरील बोटी पावसाळ्यात बंद असतात. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा धावणारी रो-रो मात्र हवामान पाहून सुरू ठेवली जाते. ती आकाराने मोठी आहे आणि गाड्यांचे वजन खालच्या डेकवर राहते. त्यामुळे लाटांचा परिणाम कमी होतो.

प्रवाशांनी काय लक्षात ठेवावे?

वजन जितके वर, तितका तोल कच्चा. वरच्या डेकवर गर्दी करणे किंवा सीगलना पाहण्यासाठी सगळ्यांनी एकाच बाजूला धावणे धोक्याचे असते. बोट क्षमतेपेक्षा जास्त भरली असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. लाइफ जॅकेट धक्का सोडण्यापूर्वीच घालून पट्टे आवळावेत. बोट कलंडू लागल्यावर ते शोधून घालायला वेळ मिळत नाही.