मुंगी घाटाची कावड

वरकुट्याहून शिखर शिंगणापूरला जायचं तर दक्षिणेला नीरा ओलांडायची आणि नातेपुत्याची वाट धरायची. पुढे माळरानावर डोंगर दिसू लागतात. सह्याद्रीच्या या फाट्यालाच शंभुमहादेवाचं नाव आहे. देव माथ्यावर, हजार मीटरहून उंच. गाभाऱ्यात शिव आणि पार्वतीची जोडलिंगं. भोसल्यांचं हे कुलदैवत. मालोजीराजांनी इथे यात्रेकरूंसाठी मोठं तळं बांधलं. शेजारीच बळी महादेवाचं देऊळ. रा. चिं. ढेरे यांनी शंभुमहादेवावर आख्खा ग्रंथ लिहिला, त्यात या देवस्थानाचा माग कर्नाटकापर्यंत काढला आहे.

चैत्र शुद्ध अष्टमीला देवाचं लग्न लागतं. त्यासाठी महादेवाच्या शिखरापासून बळीच्या शिखरापर्यंत लांबच लांब धज ताणतात. पण मला सांगायचं आहे ते द्वादशीचं.

सासवडच्या भुतोजी तेल्याची मानाची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन निघते, बारामतीच्या मुलखातून चालत कोथळ्याच्या पायथ्याशी येते. आता देवळापर्यंत गाडीरस्ता आहे. तरीही कावड चढते ती मुंगी घाटानेच. उभा कडा, पायाखाली निसटते दगड, खांद्यावर पाण्याने भरलेल्या जड घागरींची कावड. माणसं एकमेकांना धरून साखळी करतात आणि हातोहात ती वर सरकवतात. पाय घसरला की ‘म्हाद्या, धाव!’ अशी हाळी उठते. देवाला असं एकेरी, हक्काने बोलावायला त्या कड्यावर कुणालाच संकोच वाटत नाही. ही चढणच मला खरी पूजा वाटते; अभिषेक हा तिचा शेवट.

डोंगरालाच असं पूजणारे दूर जपानातही आहेत. तिथे नारा प्रांतात ओमिवा नावाचं शिंतो देवस्थान आहे. तिथे मूळ गाभाराच नाही, मिवा डोंगर हाच देव. चढायचं तर तिथल्याच साई नावाच्या शिंतो देवळात नाव नोंदवून गळ्यात पांढरा पट्टा घालावा लागतो. वर खाणं नाही, छायाचित्र नाही. तिथला भाविक डोंगराचा आब मौनाने राखतो, आमचा गर्जनेने. डोंगर मात्र दोघांनाही पायीच भेटायचा असतो.

शिंगणापूरचा हा माणदेश कायमचा पावसाला आसुसलेला. अशा मुलखातल्या देवाला माणसं दूरवरून पाणी वाहून आणतात, हे मला फार मोलाचं वाटतं. पाहायचं असेल तर द्वादशीला वर देवळात थांबू नका. दुपारीच कोथळ्याच्या बाजूला उतरा, डोक्याला पंचा बांधा, आणि कावडीच्या वाटेतून बाजूला उभे राहा.