म्हातारपणाक वखद

गेल्या चवथीला मुंबईहून आलेल्या चुलतभावाने आतेसाठी कॅप्सूलची एक बाटली आणली. परदेशी, महागडी. पेशी पुन्हा तरुण होतात, असा तिच्यावर दावा. ऐंशी ओलांडलेल्या आतेने बाटली उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "आदी माझो गुडघो तरणो कर, बाकीचा मगे बघूया."

आतेचा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. म्हातारा होतो तो माणूस, गुडघा की त्यातली एकेक पेशी? विसाव्या शतकातली जवळपास पन्नास वर्षं विज्ञानाने याचं चुकीचं उत्तर उराशी धरलं होतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ॲलेक्सिस कॅरेल यांनी 1912 साली कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातल्या पेशी काचपात्रात वाढवायला घेतल्या. त्या 1946 पर्यंत जगवल्या गेल्या. स्वतः कॅरेल त्याच्या दोन वर्षं आधी वारले. पेशी मुळात अमर आहे, म्हातारं होतं ते शरीर, असा समज त्यातून रुजला. 1961 साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी तो मोडला. माणसाच्या निरोगी पेशी काचपात्रात साधारण पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. कॅरेल यांच्या पात्रात खाद्याबरोबर ताज्या पेशीही पडत असाव्यात, असं आता मानतात.

हेफ्लिक यांचा निबंध छापून आला तेव्हा आपले धोंडो केशव कर्वे 103 वर्षांचे होते. पन्नास विभागण्यांचा हिशेब माणसाच्या वयाला सरळ लावता येत नाही, एवढं त्यांच्याकडे पाहिलं तरी कळावं.

पेशी का थांबते, याचं एक उत्तर तळ्यातल्या टेट्राहायमिना नावाच्या एकपेशीय जिवाने दिलं. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणं असतात आणि प्रत्येक विभागणीत ती झिजतात. ही झीज भरून काढणारं विकर शोधलं म्हणून एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना जॅक शोस्टाक यांच्यासह 2009 चं नोबेल मिळालं. मग हेच विकर सगळ्यांना टोचलं तर? मेख अशी की हे विकर बहुतेक कर्करोगांच्या पेशींत आधीच जोरात चालू असतं. अमरत्व पेशीला मिळालं, की ते शरीराच्या मुळावर येतं.

पेशी विभागत राहाव्यात आणि शरीरही शाबूत राहावं, हे दोन्ही ज्याला साधलंय असा एक जीव आपल्या पुण्यात सांभाळला जातो. शाळेच्या पुस्तकात मुकुलायनाच्या आकृतीत दिसणारा हायड्रा, लांबी जेमतेम काही मिलिमीटर. आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या एका वाणाचं नावच 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' आहे. मधोमध कापला तर दोन्ही तुकड्यांचे हायड्रा होतात. त्याच्या धडातल्या मूळपेशी सतत विभागत राहतात, जुन्या पेशी शुंडकांच्या टोकांकडे आणि तळाकडे सरकतात आणि तिथून गळून पडतात. काही आठवड्यांत जवळपास सगळं अंग नवं. डॅनियल मार्टिनेझ यांनी 1998 मध्ये चार वर्षांच्या निरीक्षणावरून दाखवलं, की वय वाढलं म्हणून हायड्राचं मरण्याचं प्रमाण वाढत नाही. पुढे दोन हजारांवर हायड्रांवर तेच दिसलं.

मला यात टाकून देण्याचं कौतुक वाटतं. हायड्रा काही वेगळं पीत नाही. तो जुनं अंगावर ठेवत नाही, एवढंच. आपल्याला हे कसं जमावं? मेंदूतली पेशी गळून गेली तर तिच्याबरोबर आठवणीही जातील.

म्हणून आपल्या पेशी आतल्या आत झाडलोट करतात. बिघडलेली प्रथिनं पिशवीत गोळा करायची, विरघळवायची आणि तोच माल पुन्हा वापरायचा. याला स्वभक्षण म्हणतात. योशिनोरी ओसुमी यांनी ते यीस्टमध्ये उलगडलं आणि 2016 चं नोबेल मिळवलं. वय वाढतं तशी ही झाडलोट मंदावते. ईस्टर बेटाच्या मातीतून सापडलेलं रॅपामायसिन तिला चालना देतं. माँट्रियलच्या प्रयोगशाळेत ते वेगळं काढणाऱ्यांत सुरेंद्रनाथ सहगल हे भारतीय शास्त्रज्ञ होते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 600 दिवसांच्या, म्हणजे उतारवयातल्या उंदरांना ते दिलं तेव्हाही त्यांचं आयुष्य वाढलं. पण हेच औषध मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात. निरोगी माणसाने ते घरच्या घरी सुरू करावं, असं नाही.

सगळ्यात धाडसी वाट शिन्या यामानाका यांची. 2006 मध्ये त्यांनी चार जनुकं वापरून उंदराच्या कातडीतली पेशी थेट गर्भावस्थेसारखी केली. शरीरात हे पूर्ण केलं तर पेशी आपलं काम विसरते आणि गाठी होतात. 2016 साली कॅलिफोर्नियाच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये ही जनुकं दोन दिवस चालू, पाच दिवस बंद अशी चालवली. अकाली म्हातारपण येणारे उंदीर त्याने जास्त जगले. मात्र ते खास घडवलेले उंदीर होते, चवथीला आलेले पाहुणे नव्हेत.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान तिशीच्या थोडं पुढे होतं, आज ते सत्तरीच्या आसपास आहे. या वाढीत पेशी तरुण करू पाहणाऱ्या प्रयोगांचा वाटा शून्य. ती वर्षं लसींनी, शुद्ध पाण्याने आणि संडासांनी दिली. आमच्या कणकवलीत हे आणखी कुणी सांगायला नको. इथले गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धन, त्यांनी 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचं काम मिळावं म्हणून उपोषण केलं आणि 1948 साली गड नदीकाठी गोपुरी आश्रम उभारला. तिथे त्यांनी मैल्याचं सोनखत केलं, मेलेल्या जनावराची हाडं-कातडीही वाया जाऊ दिली नाहीत. स्वभक्षण हा शब्द त्यांच्या कानावर आला नसेल, पण ती कल्पना ऐकली असती तरी अप्पांना फारसं नवल वाटलं नसतं. पटवर्धन चौकातून जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

शेवटी वय मोजायचं कसं, हाही वाद आहेच. स्टीव्ह होरवाथ यांनी 2013 मध्ये डीएनएवरच्या 353 रासायनिक खुणांवरून पेशीचं वय सांगणारं घड्याळ बनवलं. दाखल्यावरचं वय आणि अंगातलं वय यांतली तफावत कर्व्यांनी मात्र पोरवयातच भोगली होती. मुरुडहून घाट ओलांडून ते परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले आणि फार लहान दिसतात म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं.

यंदाच्या चवथीपर्यंत आतेच्या कॅप्सूलची मुदत संपली. तिने त्या माडाच्या आळ्यात ओतल्या, बाटली धुऊन उन्हात वाळवली. आता तिच्यात राख लावलेलं पडवळाचं बी आहे.