फित्र्याचे माप : ओंजळीपासून किलोपर्यंत

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले, की नेरळच्या बाजारात शेवया, खारीक, चारोळीच्या खरेदीबरोबर एक प्रश्न हमखास निघतो : यंदा फित्रा किती?

फित्रा म्हणजे ईदच्या नमाजाआधी गरिबांना द्यायचे धान्य किंवा त्याची किंमत. ऐपत असलेला कर्ता स्वतःचा आणि लहान मुलांचा, अगदी तान्ह्या बाळाचाही फित्रा काढतो. ईदच्या दिवशी कोणाचीही चूल थंड राहू नये, हा त्यामागचा हेतू.

उत्तर मात्र घरोघरी वेगळे मिळते. कोणी पावणेदोन किलो गहू सांगतो, कोणी दोन किलो ४७ ग्रॅम, तर कोणी अडीच किलो तांदूळ. हा फरक बराचसा मापाचा आहे.

हदीसमध्ये फित्र्याचे माप ‘साअ’ असे आले आहे. साअ हे वजन नव्हे, भरून मोजायचे माप. चार ‘मुद्द’ मिळून एक साअ; आणि मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ. आपली पायली, शेर, मापटे, चिपटे त्याच जातीची. १९५८पासून दशमान वजने आली, १९६२मध्ये ती सक्तीची झाली आणि पायलीतले धान्य किलोत गेले.

माप किलोत बदलताना आत काय भरले आहे, हे पाहावेच लागते. २४० मिलिलिटरच्या कपात साखर सुमारे २०० ग्रॅम बसते, मैदा जेमतेम १२५. धान्याचेही तसेच.

बरेलीचे मौलाना अहमद रझा खान (१८५६–१९२१) यांनी हे प्रत्यक्ष तोलून पाहिले. तेव्हा चांदीचा रुपया वजनासाठीही चाले. तो सुमारे ११.६६ ग्रॅमचा. अर्ध्या साअच्या ज्या भांड्यात १४४ रुपये भार जव मावत होते, त्यातच गहू सपाट भरून तोलला, तर १७५ रुपये आठ आणे भरला. जव हलके, गहू भरीव. त्या गव्हाचे आजचे वजन २ किलो ४७ ग्रॅम. इतर हनफी उलेमांनी अर्धा साअ १४० तोळे धरला. तो होतो १ किलो ६३३ ग्रॅम. लोक सोयीसाठी पावणेदोन किलो देतात.

कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई. त्यांचा साअ हनफी साअपेक्षा लहान, पण द्यायचा पूर्ण, आणि तोही गावात मुख्यतः खाल्ल्या जाणाऱ्या धान्याचा. कर्जत तालुका भाताचा. म्हणून इथे तांदूळ, साधारण अडीच किलो.

पाच माणसांच्या घरात हनफींच्या दोन आकड्यांतला फरक दोन किलो गव्हाहून जास्त होतो. घेणाऱ्या घरात तेवढ्या पिठाच्या दोन वेळच्या रोट्या सहज होतात. कुराणातली ‘मुतफ्फिफीन’ ही सूरा माप मारणाऱ्यांवरच आहे. म्हणून जाणकार सांगतात : आपल्या मशिदीत जाहीर झालेला आकडा धरा, पैसे द्यायचे तर गावातल्या दुकानातला भाव लावा, आणि शंका असेल तर मूठभर जास्त घाला. मात्र ईदच्या नमाजाआधी द्या. त्याच दिवशीच्या स्वयंपाकासाठी ते धान्य असते.