उमेशु : आंबट फळ, खडीसाखर आणि मळीचे मद्य



साखर कारखान्याच्या पत्रिकेत मद्यावर लेख पाहून काहींच्या भुवया वर जातील. म्हणून आधीच सांगून ठेवतो, ही दारूची जाहिरात नव्हे. बाटलीपायी सातबाऱ्यावर बोजा चढलेली घरे शेतकी खात्यात काम करताना आम्ही जवळून पाहतो. पण आता सभासदांची मुले-मुली नोकरीसाठी जपानपर्यंत जाऊ लागली आहेत आणि येताना उमेशुची बाटली भेट म्हणून आणतात. एका सभासदांनी अशी बाटली गट ऑफिसात आणून विचारले, "साहेब, ही वाइन म्हणायची का दारू? आणि घ्यायची कशी?" प्रश्न सरळ आहे. शिवाय त्या बाटलीचा उसाशी संबंध वाटतो तेवढा लांबचा नाही.

बाटलीवर इंग्रजीत ‘प्लम वाइन’ असे छापलेले असते. त्यातले दोन्ही शब्द फसवे आहेत. उमे हे फळ आपल्याला ठाऊक असलेल्या आलुबुखारपेक्षा जर्दाळूच्या अधिक जवळचे. आणि वाइन म्हणजे फळाचा रस आंबवून केलेले पेय. उमेशुत आंबवणे मुळीच नाही. तयार मद्यात कच्ची उमे आणि खडीसाखर घालून बरणी बंद करायची आणि वाट पाहायची, एवढीच कृती. म्हणजे पद्धतीने पाहिले तर ती वाइनपेक्षा आपल्या मोरावळ्याच्या जवळ जाते.

प्रमाण असे : १ किलो हिरवी उमे, अर्धा ते १ किलो खडीसाखर आणि १.८ लिटर मद्य. हे मद्य ३५ टक्के अल्कोहोलचे, रंग-वास नसलेले असते. आता आपल्या कामाची गोष्ट. हे मद्य पुष्कळदा उसाच्या मळीपासूनच काढलेले असते. साखरेतही उसाचा वाटा असतोच. जपान स्वतः ओकिनावा आणि कागोशिमाच्या दक्षिणेकडील बेटांवर ऊस पिकवतो, पण तेवढ्याने त्याचे भागत नाही. कच्ची साखर बाहेरून आणावी लागते. थोडक्यात, बरणीत फळ सोडले तर बाकी सारे उसाच्या घरचे असू शकते. पण बाटलीवर नाव कोणाचे? फळाचे, आणि चांगल्या बाटलीवर फळ कोठल्या गावचे तेही. साखरेचे गाव कोणी लिहीत नाही. आपण टनावर विकतो आणि ते नावावर विकतात, हा फरक आम्हाला टोचतो.

साखर मात्र तेथे नुसत्या गोडीसाठी नसते. ती कामाला लावलेली असते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तसे दाट पाकात फळाचा रस बाहेर ओढला जातो. बारीक साखर घातली तर ती लगेच विरघळते, पाक एकदम दाट होतो आणि फळ सुरकुतून बसते. आतला वास आतच राहतो. खडीसाखरेचे खडे हळूहळू विरघळतात. आधी मद्य फळात शिरते, गर आणि साल यांतला सुगंध विरघळवते. मग जसजशी गोडी वाढते तसतसा तो सुगंध, आंबटपणा आणि रस बाहेर येतो. घाई न करणारी साखर म्हणून खडीसाखर! आपल्याकडे तिला प्रसादाच्या वाटीपलीकडे फारसा मान नाही.

फळाची तोडणीही समजून घेण्यासारखी आहे. ऊस पक्व झाला तर उतारा मिळतो. उमेशुला मात्र कच्चे, हिरवे, टणक फळ लागते. ते जूनमध्ये येते, जपानच्या पावसाळ्याच्या तोंडाशी. त्या पावसाचे नाव लिहिताना जपानी लोक ‘उमे’ आणि ‘पाऊस’ अशी दोन चिन्हे जोडतात. फळे धुऊन पुसून पूर्ण कोरडी करतात आणि बांबूच्या काडीने एकेक देठ काढतात, कारण देठाने कडवटपणा येतो आणि पाण्याचा अंश राहिला तर बुरशी धरते. मग फळाचा थर, खडीसाखरेचा थर, वर मद्य. बरणी अंधाऱ्या, थंड जागी. तीन महिन्यांनी चव पाहता येते, पण जाणकार वर्षभर हात लावत नाहीत. (हिरवे उमे कच्चे खाऊ नये, त्यात, विशेषतः बियांत, विषारी अंश असतो.)

ही कृती जुनी आहे. १६९७ च्या ‘होन्चो शोक्कान’ या ग्रंथात ती दिलेली आहे. पण घरोघर बरण्या दिसू लागल्या त्या १९६२ साली कायदा बदलल्यावर. २० टक्क्यांहून कमी अल्कोहोलचे मद्य वापरायचे नाही, म्हणजे बरणीत पुन्हा आंबायला नको. आणि केलेले घरच्यापुरतेच, विकायचे नाही, अशा अटी त्यात आहेत. कारखानदारीत चोया हे नाव मोठे. ओसाकाजवळ १९१४ साली द्राक्षबागेपासून सुरुवात केलेल्या या मंडळींनी १९५९ मध्ये उमेशु काढली.

फळासाठी मात्र वाकायामा प्रांतातल्या मिनाबेकडे पाहावे लागते. जपानच्या एकूण उमेपैकी निम्म्याहून अधिक याच प्रांतात होते. तेथल्या ‘नान्को’ जातीची कहाणी आपल्या बेणे मळ्यात सांगावी अशी आहे. १९०२ साली ताकादा सादाकुसु या शेतकऱ्याने रोपे लावली, त्यांत एका झाडाला मोठी, लालसर छटेची फळे लागली. त्याने ते झाड मातृवृक्ष म्हणून जपले. १९५० पासून गावच्या निवड समितीने पाच वर्षे निरनिराळ्या झाडांची पारख केली. तेथील हायस्कूलचे शिक्षक ताकेनाका कात्सुतारो आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नोंदी ठेवल्या, आणि ताकादांचे झाड निवडले गेले. १९६५ मध्ये नाव नोंदले तेव्हा ताकादांच्या नावातले एक अक्षर आणि शाळेचे टोपणनाव मिळून ‘नान्को’ झाले. एका जातीमागे पाच वर्षांची नोंदवही! आमच्याकडे बेण्याचा प्लॉट मागायला आलेल्यांना तीन महिन्यांचाही धीर नसतो.

नान्कोला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. शेजारी दुसऱ्या जातीची झाडे आणि फेब्रुवारीच्या थंडीत उडणाऱ्या मधमाश्या लागतात. त्यासाठी डोंगरमाथ्यावरची झाडी राखलेली आहे. २०१५ मध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेने या पद्धतीला शेतीचा वारसा म्हणून मान दिला. तरी २०२४ साली हिवाळा उबदार गेला, त्यात गारा पडल्या आणि पीक फार घटले. निसर्गापुढे वारसाबिरसा काही चालत नाही.

आता घ्यायची कशी. विकतच्या उमेशुत साधारण १० ते १५ टक्के अल्कोहोल असते. गोडीमुळे ते जाणवत नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. सरबताच्या पेल्याने नव्हे, लहान पेल्यात घ्यावी. उन्हाळ्यात बर्फाचा एक मोठा खडा टाकावा. तो विरघळताना चव बदलत जाते ती पाहावी. जेवणाबरोबर हवी असेल तर बरोबरीने किंवा थोडा जास्त सोडा. थंडीत गरम पाणी घालून. वाफेबरोबर फळाचा वास वर येतो, आणि आमच्या मते हीच उत्तम रीत. बाटलीत फळ असेल तर टाकू नका, तेही खातात. पण त्यातही मद्य मुरलेले असते, तेव्हा मुलांच्या हाती नको. मधुमेहवाल्यांनी लक्षात ठेवावे, यात साखर आणि मद्य दोन्ही आहे. गाडी चालवायची असेल तर बाटली उघडूच नये.

विकत घेताना ‘होन्काकु उमेशु’ असे लिहिलेले पाहावे. २०१५ पासून हे शब्द फक्त उमे, साखर आणि मद्य यांपासून केलेल्या, वरून आम्ल, रंग, सुवास न घातलेल्या मालावरच लिहितात.

आपल्याकडे मात्र घरी असला प्रयोग करू नये. १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. ज्यांना मद्य नको त्यांच्यासाठी जपानी बायका त्याच बरणीत सरबत करतात : १ किलो उमे, १ किलो खडीसाखर, बाकी काही नाही. रोज बरणी हलवायची. दहा-पंधरा दिवसांत खडे विरघळून पाक सुटतो. तो गाळून, उकळी देऊन थंड जागी ठेवायचा आणि चार-पाच पट गार पाण्यात घालून प्यायचा. म्हणजे आपल्या पन्ह्याचाच मावसभाऊ, फक्त चुलीवर शिजवण्याऐवजी साखरेकडून काम करून घेतलेला.