कोजागिरीची रात्र आणि चार पिढ्या

आश्विनाचा शुद्ध पक्ष लागला कीं पुष्कळ घरांतून एकाच विषयाची वाटाघाट सुरू होते: यंदा कोजागिरी कोणाकडे, आणि येणार कोण कोण? पूर्वीं हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. कुटुंब एका छपराखालीं नांदत होतें, वर माळवद होतें, आणि चंद्र आपल्या वेळेस उगवत होता. आतां थोरला पुण्यास, धाकटा मुंबईस, मुलगी नागपुरास आणि वृद्ध आई तेवढी जुन्या घरीं, अशी स्थिति असल्यामुळें हा समारंभ ठरवूनच करावा लागतो. आणि ठरवून करावयाचा तर तो थोड्या विचारानें करावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

उदाहरणादाखल जालना शहरांतील मस्तगड भागांतलें एखादें घर डोळ्यांपुढें आणूं. असफजाहाच्या आज्ञेवरून काबीलखानानें इ. स. १७२५ मध्यें बांधलेल्या किल्ल्याचें नांव ही वस्ती अद्याप मिरवीत आहे. घरांत नव्वदीची आजी, तिचा सत्तरीचा थोरला मुलगा, त्याच्या पाठचीं भावंडें, चाळिशींतलीं नातवंडें आणि दोन वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतचीं पतवंडें, अशीं पंचवीस माणसें जमावयाचीं आहेत. ३० डिसेंबर १९२३ नव्हे, २०२३ पासून मुंबईस जोडणारी वंदे भारत गाडी झाली, नागपूरकरांस समृद्धि महामार्ग झाला. तेव्हां अंतराची सबब आतां पूर्वींइतकी चालत नाहीं. प्रश्न उरतो तो एवढाच, कीं इतक्या निरनिराळ्या वयांच्या माणसांना ती रात्र सारखीच गोड कशी लागावी?

आजकालच्या कोजागिरीचा बेत बहुधा तिशी-चाळिशीच्या माणसांच्या सोयीनें आंखलेला असतो. जेवणें दहाला, गाणीं अकराला, दूध बारा वाजतां. तोंपर्यंत लहान मुलें सतरंजीवर आडवीं झालेलीं असतात, आणि म्हाताऱ्या माणसांना 'गारठा बाधेल' म्हणून कोणीतरी प्रेमानेंच खालीं नेऊन निजविलेलें असतें. दुधाच्या पेल्यांत चंद्र पाहण्यास उरतात तीं मधलीं माणसें. 'को जागर्ति' असें विचारीत लक्ष्मी मध्यरात्रीं फिरते ही समजूत खरी. पण तिच्या प्रश्नास उत्तर देण्यासाठीं सबंध घरानें जागलेंच पाहिजे असा कांहीं दंडक नाहीं. ज्यांना जागवेल त्यांनीं खुशाल जागावें.

माझ्या मतें या रात्रीचा खरा मध्यबिंदु दूध नसून आश्विनी हा आहे. कोजागिरीस घरांतील ज्येष्ठ अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, आईनें ओवाळावयाचें ही चाल आपल्याकडे जुनी आहे. लहान मुलास ओवाळतांना तिचें कौतुक असतेंच. परंतु नव्वदीची आई सत्तरीच्या मुलास पाटावर बसवून कुंकुम लावते, त्या वेळीं पतवंडांना जें दिसतें तें दुसऱ्या कोणत्याही प्रसंगीं दिसत नाहीं. आपले आजोबा हेही कोणाचे तरी लेंकरूं आहेत, ही गोष्ट सांगून मुलांना कळत नसते. लगोलग त्याच पाटावर पुढच्या पिढीचें ज्येष्ठ अपत्य बसवावें, मग त्याच्या पुढचें. तीन औक्षणांना अर्धा तास पुरतो.

येथें एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. आजी विधवा असली तर कित्येक घरांत निरांजन हळूच सुनेच्या हातीं दिलें जातें, आणि आजीही 'तूंच ओवाळ' म्हणून भिंतीशीं सरकून बसते. असें होऊं देऊं नये. आश्विनी ही आई आणि अपत्य यांच्यामधली गोष्ट आहे. तिच्यांत सौभाग्याचा संबंध येतोच कोठें? परंतु हें ऐन वेळीं चारचौघांत बोलून उपयोग नाहीं, त्यानें ती माउली अधिकच संकोचते. आठ दिवस आधीं मुलानें एकांतांत म्हणावें, 'आई, या खेपेस मला तूंच ओवाळायचें.' मुलाच्या तोंडून आलेल्या शब्दाला ती सहसा नाहीं म्हणणार नाहीं.

हा विधि चंद्रोदयाबरोबर उरकावा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, म्हणजे सातपर्यंत तो घरांच्या वर येतो. त्या वेळीं तान्हें मूलही जागें असतें. नोकरीमुळें पौर्णिमा साधत नसेल, तर सोयीचा शनिवार आधींचा घ्यावा, नंतरचा नको. पौर्णिमेनंतर चंद्रोदय रोज सुमारें पाऊण तासानें लांबतो आणि मुलें वाट पाहून पेंगतात. आधींचा चंद्र मात्र दिवस मावळतांना आयताच आकाशांत असतो. पंचांगाशीं एवढी तडजोड लक्ष्मी चालवून घेईल.

जागेविषयीं थोडें. जुन्या वाड्याच्या माळवदावर बसण्याची सर गच्चीला नाहीं, हें खरें. पण लांकडावर माती घालून केलेलें माळवद पावसाळ्यांत पाणी पितें, आणि तुळ्यांना वाळवी लागली असली तर ती वरून दिसत नाहीं. पंचवीस माणसांचा भार त्यावर घालण्यापूर्वीं जाणत्या गवंड्यास दाखवावें; शंका आली तर सरळ अंगणांत सतरंज्या घालाव्या. गच्ची असल्यास कठडा कमरेच्या वर असावा. आजीसाठीं हातांची खुर्ची, पायांवर शाल, आणि जिना चढवितांना एक माणूस पुढें व एक मागें.

दुधाचें प्रमाण असें धरावें: माणशीं लहान पेला, म्हणून पांच लिटर दूध आटवून चार करावें. त्यास साखर तीनशें ते चारशें ग्रॅम, वेलदोडे, केशर, आणि जायफळ पावच; जास्त घातल्यास तें कडवटतें. बदाम, पिस्ते व चारोळी यांची बारीक पूड करावी. चार-पांच वर्षांखालील मुलांच्या घशांत अख्खा बदाम अडकण्याची भीति असते, आणि कवळी लावणाऱ्यांनाही तो त्रासच. मधुमेह असणाऱ्यांचें दूध साखर घालण्यापूर्वींच बाजूस काढावें. आटलेल्या दुधांत त्याची स्वतःची साखर असतेच, म्हणून त्यांनीं अर्धा पेलाच घ्यावा. पातेलें चांदण्यांत तासन्तास उघडें ठेवूं नये. चंद्र दाखवून झाला कीं तें पुनः विस्तवावर चढवावें. दूध वाढावें दोनदां: मुलांना व वृद्धांना साडेआठास, जागणाऱ्यांना बारास. जेवणास धपाटे, दहीं व शेंगदाण्याची चटणी पुरे. धपाटे सकाळींच होऊन जातात, म्हणजे संध्याकाळीं सुना चुलीपाशीं अडकत नाहींत. दूध आटविण्याचें काम पुरुषांकडे द्यावें. त्यास कौशल्य लागत नाहीं, तासभर एका जागीं उभें राहून ढवळावें लागतें इतकेंच. आणि गप्पा मारतां मारतां तें त्यांना सहज जमतें.

खेळांत भेंड्या आहेतच. परंतु शेजारच्या वऱ्हाडांत भुलाबाई कोजागिरीस उठते, तेव्हां डब्यांत झांकलेली खिरापत ओळखण्याचा जो खेळ मुली खेळतात, तो याहून बरा. डबा आजीनें भरावा; मुलांनीं हालवून, आवाज ऐकून पदार्थ सांगावा. ज्या आजीस डोळ्यांनीं नीट दिसत नाहीं, तीही येथें सगळ्यांना हरवूं शकते.

शेवटीं आजीला बोलतें करावें. पण 'जुन्या आठवणी सांग' असें मोघम म्हणूं नये, त्यानें माणूस गप्प बसतो. नेमकें विचारावें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली, आणि महिन्यानें कोजागिरी आली. त्या रात्रीं आपण कोठें होतां? माळवदावर कोण कोण होतें? दूध मिळालें होतें का? तो दिवस कळत्या वयांत पाहिलेलीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत. पंधरा वर्षांच्या पतवंडानें दूरध्वनियंत्रावर तें बोलणें टिपून घ्यावें, आणि नांवें तेवढीं वहींतही उतरवून घ्यावीं. आवाजांत नांवें पुष्कळदां नीट लागत नाहींत.

उरलेलें दूध रात्रींच थंड करून शीतपेटींत ठेवावें. सकाळीं गाड्यांच्या वेळा निरनिराळ्या असतात. त्यांत शेवया घातल्या कीं निघणाऱ्यांची न्याहारी होते.